मधुमेहजन्य दृष्टिदोषाच्या निदानात डोळ्याच्या सोनोग्राफीचे महत्त्व

अनेक वर्षे मधुमेह असलेल्या रुग्णाला एखाद्या दिवशी एका डोळ्यापुढे अचानक काळे धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखी जळमटे किंवा धुराचे लोट दिसू लागतात आणि काही तासांत त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ नाहीशी होते. डोळा दुखत नाही, लाल होत नाही आणि बाहेरून पाहणाऱ्यास त्यात कोणताही बिघाड आढळत नाही. मधुमेहामुळे डोळ्याच्या आत रक्तस्राव झाल्याची ही नेहमीची लक्षणे आहेत. अशा वेळी नेत्रतज्ज्ञ उपकरणाने डोळ्यात प्रकाश टाकून पाहतात तेव्हा त्यांनाही रक्ताच्या आवरणापलीकडचे काही दिसत नाही. ज्या रक्तामुळे रुग्णाला बाहेरचे दिसत नाही, त्याच रक्तामुळे डॉक्टरांना आतले दिसत नाही.

या अवस्थेत एका प्रश्नाचे उत्तर तातडीने मिळणे आवश्यक असते. रक्तामागे असलेले दृष्टिपटल, म्हणजेच डोळ्याचा पडदा, आपल्या जागी आहे की तेथून सुटला आहे? पडदा जागेवर असेल तर बहुतेक वेळा काही काळ वाट पाहता येते. तो सुटलेला असेल तर वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक आठवडा दृष्टी कायमची हिरावून घेऊ शकतो. हा निर्णय करण्यासाठी नेत्रतज्ज्ञ ज्या तपासणीचा आधार घेतात ती म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी, अर्थात बी-स्कॅन.

भारतात या तपासणीची गरज भासू शकेल अशा रुग्णांची संख्या मोठी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख, म्हणजे प्रौढ लोकसंख्येच्या ११.४ टक्के एवढी होती. राज्यांमध्ये सर्वाधिक, २६.४ टक्के प्रमाण गोव्यात आढळले. २०१५ ते २०१९ या काळात केंद्र सरकारच्या वतीने झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ५० वर्षे व त्यावरील मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांच्या दृष्टिपटलावर मधुमेहाचे दुष्परिणाम दिसून आले. दृष्टीला थेट धोका निर्माण करणारी तीव्र अवस्था ३.६ टक्के मधुमेहींमध्ये होती.

रक्तस्राव कशामुळे होतो

डोळ्याच्या मागील भिंतीला आतून चिकटलेला अतिशय पातळ, प्रकाशसंवेदी थर म्हणजे दृष्टिपटल. बाहेरून आलेल्या प्रकाशाची प्रतिमा त्यावर उमटते आणि तेथून मज्जेद्वारे तिचे संदेश मेंदूकडे जातात. दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूमुळे वाचणे, चेहरे ओळखणे, सुईत दोरा ओवणे यांसारखी बारीक कामे शक्य होतात. दृष्टिपटलापुढची सारी पोकळी काचेसारख्या पारदर्शक, दाट द्रवाने भरलेली असते. त्यास काचाभ द्रव किंवा व्हिट्रियस म्हणतात.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली तर दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात. काही ठिकाणी त्यांना फुगवटे येतात, काही ठिकाणी त्यांतून द्रव झिरपतो आणि काही वाहिन्या पूर्ण बंद पडतात. रक्तपुरवठा तुटलेल्या भागाला प्राणवायू कमी पडतो. मग दृष्टिपटलातून व्हीईजीएफ नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात स्रवू लागते आणि त्याच्या चेतावणीने नव्या रक्तवाहिन्या उगवतात. शरीराने दुरुस्तीसाठी केलेला हा प्रयत्न डोळ्याला मात्र घातक ठरतो, कारण या नव्या वाहिन्या अत्यंत नाजूक असतात आणि त्या दृष्टिपटलाच्या पृष्ठभागावरून काचाभ द्रवाच्या सीमेवर पसरतात.

वयानुसार आणि मधुमेहामुळे काचाभ द्रव आकसतो व दृष्टिपटलापासून सुटू पाहतो. त्याला चिकटलेल्या नाजूक वाहिन्या तेव्हा ताणल्या जाऊन फुटतात आणि रक्त पोकळीत उतरते. हा झाला रक्तस्राव. नव्या वाहिन्यांबरोबर तंतुमय ऊतीही वाढत असते. ती व्रणाप्रमाणे आकुंचन पावते आणि दृष्टिपटलाला पुढे ओढून भिंतीपासून अलग करते. बोली भाषेत यालाच पडदा सरकणे म्हणतात. रक्तस्राव आणि ओढीमुळे पडदा सरकणे या दोन्ही गोष्टी एकाच डोळ्यात, एकाच वेळी असू शकतात. रुग्णाला दोन्हींत अंधुकच दिसते. त्यामुळे केवळ लक्षणांवरून त्यांतील फरक ओळखता येत नाही.

प्रकाश अडतो तेथे ध्वनी पोहोचतो

डोळ्याच्या बहुतेक तपासण्या प्रकाशावर आधारलेल्या आहेत. दृष्टिपटलाचे छायाचित्र, रंगद्रव्य टोचून काढलेली अँजिओग्राफी आणि दृष्टिपटलाच्या थरांचा छेद दाखवणारी ओसीटी या सर्वांना पारदर्शक मार्ग लागतो. मार्गात दाट रक्त किंवा पूर्ण वाढलेला मोतीबिंदू आला की या तपासण्या निरुपयोगी होतात. ध्वनीला मात्र पारदर्शकतेची गरज नसते.

मानवी कानाला साधारणतः सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडच्या ध्वनीला श्रवणातीत ध्वनी म्हणतात. डोळ्याच्या सोनोग्राफीत सामान्यतः सेकंदाला सुमारे १ कोटी कंपने असणाऱ्या, म्हणजे १० मेगाहर्ट्झच्या लहरी वापरल्या जातात. पोटाच्या सोनोग्राफीत ही कंप्रता बहुधा ३ ते ५ मेगाहर्ट्झ असते. कंप्रता जितकी अधिक, तितके बारीक तपशील दिसतात, परंतु लहर तितकीच कमी खोलवर जाते. प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. एवढ्या कमी खोलीत पोहोचायचे असल्याने उच्च कंप्रता वापरणे परवडते.

यंत्राच्या प्रोबमधून निघालेली लहर काचाभ द्रवातून सेकंदाला सुमारे १,५३२ मीटर वेगाने जाते. वाटेत घनता बदलणारा पृष्ठभाग आला की तिचा काही अंश प्रतिध्वनी होऊन परततो. डोळ्याच्या मागील भिंतीपर्यंत जाऊन परत येण्यास लहरीला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम ३० भाग इतकाच वेळ लागतो. परतीचा वेळ आणि प्रतिध्वनीची तीव्रता यांवरून संगणक चित्र तयार करतो. निर्मळ काचाभ द्रवातून प्रतिध्वनी येत नाही, म्हणून तो चित्रात काळा दिसतो. रक्तकणांचे पुंजके करड्या ठिपक्यांसारखे, तर दृष्टिपटल ठळक पांढऱ्या रेषेसारखे उमटते.

नेत्रवैद्यकातील या तंत्राचा इतिहास सहा दशकांहून अधिक जुना आहे. १९५६ मध्ये अमेरिकेत मुंट आणि ह्यूजेस यांनी डोळ्यातील गाठींच्या निदानासाठी ए-स्कॅन, म्हणजे प्रतिध्वनीचा आलेख, वापरल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर दोन वर्षांनी बाउम आणि ग्रीनवुड यांनी डोळ्याचे द्विमितीय चित्र, म्हणजे बी-स्कॅन, मिळवले. त्या काळी डोळ्यासमोर पाणी धरून तपासणी करावी लागे. पापणीवर थेट ठेवता येईल असा प्रोब १९७०च्या दशकात आला आणि तपासणी दवाखान्यातील नित्याचा भाग बनली. त्याच दशकाच्या आरंभी रॉबर्ट माखेमर यांनी अमेरिकेतील मायामी येथे काचाभ द्रव काढून टाकण्याची शस्त्रक्रिया विकसित केली. विट्रेक्टोमी नावाने ती ओळखली जाते. या शस्त्रक्रियेमुळे सोनोग्राफीला खरे महत्त्व आले. रक्तामागे पडदा सुटला आहे हे कळून पूर्वी फारसा उपयोग नव्हता. आता त्यावर उपाय करता येऊ लागला.

तपासणी कशी होते

या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही, इंजेक्शन लागत नाही आणि केवळ सोनोग्राफीसाठी डोळ्याची बाहुली मोठी करण्याचे थेंबही आवश्यक नसतात. रुग्णाला आडवे झोपवून किंवा खुर्चीत मागे रेलून बसवतात. मिटलेल्या पापणीवर जेल लावून त्यावर पेनाएवढा प्रोब टेकवतात. काही ठिकाणी भूल देणारे थेंब टाकून प्रोब थेट डोळ्यावर ठेवला जातो, त्यामुळे पापणीचा अडथळा राहत नाही. एका डोळ्याची तपासणी बहुधा काही मिनिटांत पूर्ण होते.

तपासणीच्या वेळी रुग्णाला वर, खाली, उजवीकडे, डावीकडे पाहण्यास सांगितले जाते. ही सूचना दोन कारणांनी महत्त्वाची असते. एकतर दृष्टिपटलाचा प्रत्येक भाग लहरीच्या सरळ मार्गात येतो. लहर पृष्ठभागावर काटकोनात पडली तरच स्पष्ट प्रतिध्वनी मिळतो. दुसरे म्हणजे डोळा हलवून थांबल्यावर आतील पडदे कसे हलतात हे पाहता येते. निदानातील अर्धा भाग या हालचालीत असतो. त्यामुळे कागदावर छापून आलेल्या एका स्थिर चित्रापेक्षा प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्याचे निरीक्षण अधिक मोलाचे ठरते.

तपासणीत क्ष-किरणांचा वापर होत नाही, म्हणून गर्भवती स्त्रियांमध्येही ती करता येते आणि गरजेप्रमाणे पुन्हा पुन्हा करता येते. डोळ्यासाठी अनुमत ध्वनिऊर्जेची मर्यादा शरीराच्या इतर भागांपेक्षा बरीच कमी ठेवलेली असते. त्यामुळे सर्वसाधारण सोनोग्राफी यंत्र वापरताना ते डोळ्याच्या तपासणीसाठी निश्चित केलेल्या मापावर आणणे बंधनकारक समजले जाते. जखमेमुळे डोळा फाटला असल्याची शंका असेल तर मात्र प्रोबचा दाब टाळला जातो.

चित्राचा अर्थ कसा लावतात

ताजा रक्तस्राव विखुरलेल्या बारीक ठिपक्यांच्या आणि आखूड रेघांच्या रूपात दिसतो. डोळा हलताच हे ठिपके घुसळल्यासारखे फिरतात. रक्त अगदी ताजे व विरळ असेल तर ते सहज दिसत नाही. त्यासाठी यंत्राची संवेदनशीलता वाढवावी लागते. काही दिवसांनी रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली बसते आणि तळाशी दाट थर दिसू लागतो. काचाभ द्रव आणि दृष्टिपटल यांच्या मधल्या जागेत साठलेले रक्त अनेकदा होडीच्या आकाराचे दिसते.

खरी कसोटी चित्रात एखादी पांढरी रेषा तरंगताना दिसते तेव्हा लागते. ती रेषा काचाभ द्रवाची सुटलेली मागील त्वचा असू शकते किंवा सुटलेले दृष्टिपटल असू शकते. पहिली गोष्ट बहुधा निरुपद्रवी असते, दुसरी दृष्टी घालवणारी. दोहोंतील फरक ओळखण्यासाठी तज्ज्ञ मुख्यतः तीन गोष्टी पाहतात.

पहिली गोष्ट म्हणजे रेषेचा ठळकपणा. यंत्राची संवेदनशीलता हळूहळू कमी करत नेली की काचाभ द्रवाची त्वचा फिकट होऊन दिसेनाशी होते, दृष्टिपटल मात्र ठळक राहते. सोबत ए-स्कॅनचा आलेख पाहिल्यास दृष्टिपटलाचा प्रतिध्वनी उंच, एकसंध सुळक्याप्रमाणे उमटतो. मात्र मधुमेही डोळ्यात रक्ताचा लेप बसल्याने काचाभ द्रवाची त्वचाही जाड दिसू शकते, म्हणून एवढ्यावर विसंबता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रेषा कोठे चिकटलेली आहे. दृष्टिपटल पूर्ण सुटले तरी ज्या ठिकाणी मज्जा डोळ्यातून बाहेर पडते तेथे ते घट्ट बांधलेले राहते. त्यामुळे पूर्ण सुटलेला पडदा चित्रात नरसाळ्यासारखा किंवा इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो आणि त्याचे टोक नेमके मज्जेच्या जागी येते. काचाभ द्रवाची त्वचा त्या जागेपासून अनेकदा मोकळी झालेली असते. पण मधुमेहात नव्या वाहिन्या मज्जेच्या तोंडाशीच उगवतात, आणि मग ही त्वचाही तेथे चिकटून राहते. म्हणून हा निकषसुद्धा एकट्याने पुरेसा नसतो.

तिसरी गोष्ट म्हणजे हालचाल. काचाभ द्रवाची त्वचा वाऱ्यावरच्या ओढणीसारखी मोकळी हेलकावते आणि डोळा थांबल्यावरही काही क्षण डुलत राहते. छिद्र पडल्यामुळे नुकताच सुटलेला पडदा मंदपणे, लाटेसारखा हलतो. तंतुमय ऊतीने ओढलेला पडदा मात्र ताठ असतो आणि फारसा हलत नाही. जेथे ओढ एकाच बिंदूवर असते तेथे तो तंबूच्या शिखरासारखा, तर जेथे ती रुंद पट्ट्यावर असते तेथे मेजाच्या सपाट पृष्ठभागासारखा वर उचललेला दिसतो. मधुमेहात मुख्यतः हाच प्रकार आढळतो.

थांबावे की शस्त्रक्रिया करावी

सोनोग्राफीचे महत्त्व तिच्या निष्कर्षावरून ठरणाऱ्या निर्णयात आहे. केवळ रक्तस्राव असून पडदा सर्वत्र जागेवर असेल तर शरीर ते रक्त हळूहळू शोषून घेण्याची शक्यता असते. अशा रुग्णाला डोके उंच ठेवून झोपण्याचा, जड वजन न उचलण्याचा सल्ला दिला जातो आणि काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा सोनोग्राफी केली जाते. रक्त थोडे निवळून दृष्टिपटल दिसू लागले की लेसर उपचार करता येतात. डोळ्यात व्हीईजीएफरोधक औषधाचे इंजेक्शन देणे हाही एक मार्ग आहे.

ओढीमुळे पीतबिंदू सुटला असेल किंवा सुटण्याच्या बेतात असेल, अथवा पडद्याला छिद्र पडून तो सरकत असेल, तर शस्त्रक्रियेस विलंब करता येत नाही. भिंतीपासून अलग झालेल्या दृष्टिपटलाला मागील थरातून मिळणारे पोषण तुटते आणि प्रकाशसंवेदी पेशी मरू लागतात. पीतबिंदू फार काळ सुटलेला राहिला तर पडदा नंतर यशस्वीपणे बसवूनही वाचण्यापुरती दृष्टी परत येईलच असे नसते. अशा ओढलेल्या डोळ्यात व्हीईजीएफरोधक इंजेक्शनही विचारपूर्वक द्यावे लागते, कारण त्यानंतर तंतुमय ऊती वेगाने आकसून ओढ वाढण्याचा धोका असतो.

रक्तस्राव झाल्यावर किती काळ थांबावे, या प्रश्नावर अमेरिकेत मोठे संशोधन झाले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डायबेटिक रेटिनोपथी विट्रेक्टोमी स्टडी या अभ्यासात तीव्र रक्तस्राव झालेल्या डोळ्यांवर लवकर शस्त्रक्रिया करणे आणि वर्षभर थांबणे यांची तुलना करण्यात आली. दोन वर्षांनंतर लवकर शस्त्रक्रिया झालेल्या गटात २५ टक्के, तर थांबलेल्या गटात १५ टक्के डोळ्यांना ६/१२ किंवा त्याहून चांगली दृष्टी मिळाली. लहान वयात इन्सुलिनवर अवलंबून राहावे लागणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात हा फरक ३६ आणि १२ टक्के एवढा ठळक होता. त्यानंतर शस्त्रक्रियेची साधने सुधारली आहेत. आता सुमारे अर्धा मिलिमीटर रुंदीच्या छिद्रांतून ती केली जाते आणि वर्षभर वाट पाहण्याची प्रथा मागे पडली आहे.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अमेरिकी चाचणीत २०५ रुग्णांवर ॲफ्लिबरसेप्ट हे इंजेक्शन आणि तातडीची विट्रेक्टोमी यांची तुलना झाली. २४ आठवड्यांच्या सरासरी दृष्टीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही, मात्र शस्त्रक्रियेनंतर दृष्टी लवकर परतली. इंजेक्शनने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. पडदा ओढला जाऊन पीतबिंदूला धोका निर्माण झालेले डोळे या चाचणीत घेतलेले नव्हते. म्हणजेच 'इंजेक्शन घेऊन पाहू' हा पर्याय आपल्या रुग्णाला लागू आहे की नाही, हे ठरवण्यासाठीही आधी रक्तामागचा पडदा कसा आहे हे कळणे आवश्यक आहे. दाट रक्तस्रावात ते सोनोग्राफीखेरीज कळत नाही.

मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहणे धोक्याचे

मोतीबिंदू पूर्ण पिकल्यावरच शस्त्रक्रिया करावी, ही जुनी समजूत देशाच्या अनेक भागांत आजही आढळते. मधुमेहींना मोतीबिंदू तुलनेने लवकर होतो. तो पांढराफटक होईपर्यंत थांबल्यास त्यामागे दृष्टिपटलाचा विकार वाढत असला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. रुग्ण आणि कुटुंबीय कमी दिसण्याचे सारे खापर मोतीबिंदूवर फोडतात. शस्त्रक्रिया होऊन कृत्रिम भिंग बसल्यावरही दिसत नाही, तेव्हा शस्त्रक्रिया बिघडल्याचा समज होतो. प्रत्यक्षात पडदा आधीच सरकलेला असू शकतो.

म्हणून मोतीबिंदूमुळे दृष्टिपटल दिसत नसेल तर शस्त्रक्रियेपूर्वी सोनोग्राफी करण्याची पद्धत आहे. मधुमेही रुग्णात ती विशेष आवश्यक ठरते. पडदा सुटलेला असल्याचे आधी कळल्यास मोतीबिंदू व पडद्याची शस्त्रक्रिया एकत्र करण्याचे नियोजन करता येते आणि किती दृष्टी परत येण्याची अपेक्षा ठेवावी हे रुग्णाला स्पष्ट सांगता येते.

सोनोग्राफीच्या मर्यादा

सोनोग्राफी डोळ्याची रचना दाखवते, दृष्टी मोजत नाही. पडदा जागेवर आहे असा अहवाल आला म्हणजे रक्त निवळल्यावर स्वच्छ दिसेलच अशी हमी मिळत नाही. पीतबिंदूचा रक्तपुरवठा बंद पडलेला असेल किंवा मज्जा सुकलेली असेल तर जागेवरचे दृष्टिपटलही निकामी असू शकते, आणि हे ध्वनिलहरींना दिसत नाही. म्हणून डॉक्टर बाहुली प्रकाशाला कसा प्रतिसाद देते, प्रकाश कोणत्या दिशेने येतो हे रुग्णाला ओळखता येते का, हेही तपासतात. आवश्यकता वाटल्यास दृष्टिपटलाचा विद्युत प्रतिसाद मोजला जातो.

मधुमेहात दृष्टी कमी होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे पीतबिंदूला येणारी सूज. ती बी-स्कॅनमध्ये नीट कळत नाही. १० मेगाहर्ट्झच्या लहरींना मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासचा तपशील दिसू शकतो. ओसीटी त्याहून कितीतरी सूक्ष्म, मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजता येणारे बदल दाखवते. त्यामुळे डोळ्यातील मार्ग पारदर्शक असेल तेथे छायाचित्र व ओसीटी आणि तो अडलेला असेल तेथे सोनोग्राफी, अशी कामाची विभागणी झालेली आहे.

ज्यांच्या डोळ्यात पूर्वीच्या शस्त्रक्रियेत सिलिकॉन तेल भरले आहे त्यांच्यातही सोनोग्राफीचा अर्थ लावणे कठीण जाते. त्या तेलात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ९८० मीटर एवढाच असल्याने डोळा चित्रात प्रत्यक्षाहून लांब दिसतो. वायू भरलेला असेल तर लहर त्यापलीकडे जातच नाही. याशिवाय ही तपासणी करणाऱ्याच्या कौशल्यावर फार अवलंबून असते. जाड झालेली त्वचा पडदा म्हणून किंवा पडदा त्वचा म्हणून वाचला जाण्याची शक्यता असते. शंका असल्यास काही दिवसांत पुन्हा तपासणी करणे किंवा दृष्टिपटलतज्ज्ञाचे मत घेणे श्रेयस्कर ठरते.

रुग्णाने लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके वा धागे वाढणे, वीज चमकल्याचा भास होणे, दृष्टीच्या एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली येणे किंवा एकाएकी धूसर दिसू लागणे यांपैकी कोणतेही लक्षण आढळल्यास त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. दुसऱ्या डोळ्याने दिसते म्हणून थांबू नये. एकेक डोळा झाकून पाहण्याची सवय ठेवल्यास एका डोळ्यातील बिघाड लवकर ध्यानात येतो.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या हृदयरोग्यांनी ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. डोळ्यातील रक्तस्रावाच्या भीतीने औषध थांबवल्यास हृदयाला किंवा मेंदूला धोका उद्भवू शकतो. ॲस्पिरिनमुळे मधुमेहींच्या डोळ्यातील रक्तस्राव वाढत नसल्याचे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासातून १९९१ मध्येच स्पष्ट झाले आहे.

सोनोग्राफीनंतर डॉक्टरांना काही प्रश्न विचारणे रुग्णाच्या हिताचे असते. पडदा सर्व बाजूंनी जागेवर आहे का, पीतबिंदूजवळ ओढ आहे का, छिद्राची शंका आहे का आणि पुढची तपासणी नेमकी कधी करायची, हे समजून घ्यावे. अहवाल व चित्रे जपून ठेवावीत. पुढच्या वेळी बदल ओळखण्यासाठी जुन्या चित्रांशी तुलना करावी लागते. दुसऱ्या डोळ्याची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी. मधुमेह दोन्ही डोळ्यांना होणारा असल्याने, चांगल्या वाटणाऱ्या डोळ्यातही नव्या वाहिन्या आढळण्याची शक्यता असते आणि तेथे लेसरने वेळीच बचाव करता येतो.

वार्षिक तपासणीला पर्याय नाही

सोनोग्राफी करण्याची वेळ येते तोवर विकार पुष्कळ पुढे गेलेला असतो. त्यामुळे तिला विकार लवकर शोधण्याचे साधन मानता येत नाही. तो मान बाहुली मोठी करून होणाऱ्या वार्षिक तपासणीचा किंवा दृष्टिपटलाच्या छायाचित्राचा आहे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच आणि पहिल्या प्रकारात निदानानंतर पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी व्हावी व पुढे साधारणपणे दरवर्षी ती करावी, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. मधुमेही स्त्रीला गर्भधारणा झाल्यास पहिल्या तिमाहीत तपासणी आवश्यक असते.

धोकादायक नव्या वाहिन्या वेळीच आढळल्या तर लेसर उपचाराने तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे १९७०च्या दशकातच सिद्ध झाले आहे. रक्तदाबावरील नियंत्रणही तितकेच महत्त्वाचे आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात रक्तदाब काटेकोर ताब्यात ठेवलेल्या मधुमेहींमध्ये दृष्टिपटलविकार बळावण्याचा धोका ३४ टक्क्यांनी कमी झाला.

भारतात दृष्टिपटलतज्ज्ञ व विट्रेक्टोमीच्या सुविधा मुख्यतः शहरांत एकवटलेल्या आहेत. ही दरी कमी करण्यासाठी प्राथमिक पातळीवर छायाचित्र घेऊन ते दूरस्थ तज्ज्ञांकडे पाठवण्याचे प्रयोग सुरू झाले. केरळमध्ये 'नयनामृतम्' या उपक्रमाद्वारे सरकारी कुटुंब आरोग्य केंद्रांत अशी छायाचित्रे घेण्याची व्यवस्था उभी राहिली. छायाचित्रे तपासणाऱ्या संगणकप्रणालीवरील २०१६ मधील बहुचर्चित संशोधनात मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय यांसारख्या भारतीय संस्थांतील छायाचित्रांचा उपयोग करण्यात आला होता.

रक्ताने झाकलेल्या डोळ्यात पडदा जागेवर आहे की नाही हे सोनोग्राफी काही मिनिटांत सांगू शकते आणि त्या माहितीच्या आधारे वेळीच झालेली शस्त्रक्रिया दृष्टी वाचवू शकते. परंतु रक्तस्रावापर्यंत वेळ येऊ न देणे अधिक हिताचे आहे. मधुमेह असूनही गेल्या वर्षभरात ज्यांनी बाहुली मोठी करून डोळे तपासून घेतलेले नाहीत, त्यांनी चांगले दिसत असले तरी ही तपासणी करून घ्यावी, असाच तज्ज्ञांचा सल्ला आहे.